व्हायवाला घाबरायचे कशाला?

चार-पाच वर्षे राबून प्रबंध सादर होतो आणि एक दिवस विद्यापीठाचे पत्र येते : अमुक तारखेला मौखिक परीक्षा. घराण्यात पहिल्यांदाच पीएच.डी.पर्यंत पोहोचलेल्या आपल्या मुलामुलींच्या पोटात इथेच गोळा येतो. म्हणून आधी ही परीक्षा समजून घेऊ.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध मार्गदर्शकासह किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल समाधानकारक असतील तरच मौखिकी होते. म्हणजे तुमचे काम वाचून झाले आहे आणि ते पुढे नेण्याजोगे ठरले आहे. आता पाहायचे असते ते एवढेच की, काम तुमचेच आहे ना आणि त्यामागची कारणे तुम्हाला सांगता येतात ना.

तयारी साधी आहे. स्वतःचा प्रबंध परक्याचा असल्यासारखा वाचा. प्रत्येक प्रकरणाचे सार एका पानात लिहा. हाच विषय का, हीच पद्धत का, नवीन काय सापडले, काय राहून गेले, या चार प्रश्नांची उत्तरे मोठ्याने बोलून पाहा. परीक्षकांचे आक्षेप हाती आले असतील तर उत्तरे पान क्रमांकासह टिपून ठेवा. मौखिकी खुली असते; आपली पाळी येण्याआधी विभागातल्या इतरांच्या मौखिकीला जाऊन बसा.

एक प्रश्न आपल्या वाट्याला बरेचदा येतो : ‘तुम्ही त्याच समाजातले, मग संशोधन तटस्थ कसे?’ चिडू नका, ओशाळूही नका. माहिती कशी गोळा केली, आपल्या मताविरुद्ध जाणारी नोंद कुठे दिली, ते पान उघडून दाखवा. एखादे उत्तर येत नसेल तर ‘हे मी तपासलेले नाही’ असे सरळ सांगा. थापा लगेच उघड्या पडतात.

बाबासाहेबांचा लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने पुस्तकरूपात आला. त्याची प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली. बाबासाहेबांची काही मते आपल्याला पटत नाहीत, हे त्यांनी त्यातच नोंदवले. तरीही मांडणीतला ताजेपणा वाखाणला. समोरचा असहमत आहे म्हणजे आपण नापास झालो, असे नसते.

आपल्या वस्तीत कुणाची मौखिकी जवळ आली असेल तर आपण चौघे-पाच जण परीक्षक होऊन त्यांना प्रश्न विचारू या. सत्काराचा हार नंतर घालूच, आधी सराव करून घेऊ!

जयभीम!