टेरियर घरी आणताय? आधी शेतातली बिळं आठवा

मोबाईलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ दिसतो. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके असलेला छोटा कुत्रा उडी मारून चेंडू पकडतो आणि घरातली मुलं हट्ट धरतात, ‘आपल्याला हाच पाहिजे!’ हा जॅक रसेल टेरियर. व्हिडिओ तीस सेकंदांत संपतो, पण या कुत्र्याची धावपळ दिवसभर संपत नाही. आणि हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्यासारख्या केळी-हळदीच्या गावात तो आणायचा असेल, तर फक्त त्याचा दंगा सांभाळून भागत नाही.

टेरियर म्हणजे काय?

लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन. जमिनीतल्या बिळात शिरून शिकार हुसकावणारे कुत्रे ते टेरियर. इंग्लंडमधले पाद्री जॉन रसेल (१७९५-१८८३) यांना कोल्ह्याच्या शिकारीचा नाद होता. त्यांनी १८१९ मध्ये एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून हा वंश पुढे वाढवला. उंची जेमतेम फूटभर, वजन पाच-सहा किलो.

म्हणजे उकरणं, भुंकणं, पळणाऱ्या प्राण्यामागे धावणं या त्याच्या खोड्या नाहीत. याच कामासाठी त्याला दोनशे वर्षं घडवलं गेलं. ओरडून किंवा मारून ते जात नाही.

कोणत्या घराला जमेल?

रोज किमान तासभर पळवणारं, खेळवणारं माणूस घरात हवं. दिवसभर साखळीला बांधला तर तो सतत भुंकतो, चिडका होतो. दारात कोंबड्या असतील तर भांडण ठरलेलंच. अगदी लहान मूल असेल तर दोघांना एकटं सोडू नये. हा कुत्रा १३ ते १५ वर्षं जगतो. आज हट्ट करणारं आठ वर्षांचं पोर तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेलं असेल, हे धरूनच ठरवावं. एवढा वेळ नसेल, तर इथल्या उन्हापावसाला सरावलेलं गावठी पिल्लू जास्त शहाणपणाचं.

पिल्लू घेताना काय पाहावं?

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याची नोंदणी लागते. फोटोवर सौदा करू नये. पिल्लू आईसोबत पाहावं. डोळे स्वच्छ आहेत का, मागून टाळी वाजवल्यावर ते वळतं का, लंगडत नाही ना, हे तपासावं. या वंशात बहिरेपणा, डोळ्यांचे आजार आणि गुडघ्याची वाटी सरकणं आढळतं.

खरा धोका बिळात

शेतात, आखाड्यावर उंदरांची बिळं असतात. टेरियर त्यात तोंड घालणारच. त्याच बिळात नाग किंवा घोणसही असू शकते. दंश झाला तर जखम कापू नये, पट्टा आवळू नये. कुत्र्याला चालू न देता उचलून लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

दुसरा धोका उंदराच्या औषधाचा. शेतात वापरलं जाणारं झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिसळलं की विषारी वायू तयार होतो. त्यावर ठरावीक उतारा नाही. त्यामुळे एकेक मिनिट मोलाचं. दूध किंवा खायला काहीही देऊ नये. औषधाची पुडी सोबत घ्यावी आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, कारण कुत्र्याच्या उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो. ज्या शेतात औषध टाकलं, तिथे कुत्र्याला मोकळं सोडूच नये. शेजाऱ्यांनाही विचारून ठेवावं.

उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीजबरोबर लेप्टोची लस चुकवू नये. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. पुढचे डोस डॉक्टरांच्या कार्डावर लिहून घ्यावेत. जंताचं औषध आणि गोचिडांची तपासणीही नियमित हवी.

ऊन आणि खाणं

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. फिरवणं उजाडताना आणि दिवस मावळल्यावर. रस्त्यावर तळहात पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पंजालाही बसतो. खूप धापा, लाळ, झोकांड्या दिसल्या तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा.

नुसती दूध-भाकरी त्याला पुरत नाही. अंडी, चिकन किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं खाद्य हवं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहेत.

त्याला काम द्या

डोंगरकड्याहून नांदेड जवळ आहे, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळचे डॉक्टर कुत्र्यांवर उपचार करतात का, हे पिल्लू आणण्याआधीच विचारून ठेवावं. अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून त्यात त्याचं खेळणं पुरावं आणि त्याला मनसोक्त उकरू द्यावं. शेतात नेताना लांब दोरी लावावी. उकरायची हौस अंगणात भागली, तर शेतातल्या बिळाकडची ओढ कमी होते. उरलेली ओढ आवरायला दोरी असतेच.