मित्राचा मृत्युलेख लिहिताना

प्रत्येक कॉलेज ग्रुपमध्ये अशी एक तरी जोडी असते. पहिल्या वर्षी एका डब्यात जेवणारी आणि तिसऱ्या वर्षी एकमेकांचं तोंडही न बघणारी. कारण काहीही असू शकतं. गॅदरिंगचा हिशेब, एकांकिकेतला रोल, नाहीतर सरळ राजकारण. भांडण खरं असतं आणि आधीची दोस्तीही तितकीच खरी असते. आता असं समजा की त्यातला एक जण अचानक गेला आणि त्याच्याबद्दल लिहायचं काम नेमकं दुसऱ्याच्या वाट्याला आलं. काय लिहील तो?

पुण्यात १८९५ च्या जूनमध्ये हे खरोखर घडलं. गेलेला मित्र होता गोपाळ गणेश आगरकर. लिहिणारा होता बाळ गंगाधर टिळक. दोघांचंही वय तेव्हा ३८.

शाळेत तुम्ही ही दोन नावं बहुतेक एकाच प्रश्नात वाचली असतील. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा? पाच मार्क. उत्तर लिहून आपण मोकळे झालो. पण त्या प्रश्नामुळे ही दोन माणसं आपल्या डोक्यात कायम समोरासमोर उभी राहिली. त्याआधी काही वर्षं ती शेजारी शेजारी उभी होती, हे राहूनच गेलं.

एकाच महिन्यातले दोघं

आगरकर जन्मले १४ जुलै १८५६ ला, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात. टिळक त्यानंतर नऊ दिवसांनी, रत्नागिरीत. आगरकरांच्या घरी कमालीची गरिबी. एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये आगरकर एमए करत होते आणि टिळक वकिलीचा अभ्यास. तिथे दोघांची गाठ पडली आणि गप्पा सुरू झाल्या. शिकून करायचं काय? सरकारी नोकरी? तेव्हाच्या पदवीधराला ती सहज मिळाली असती आणि घरचे दिवस पालटले असते. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून कळवलं की, मुलगा मोठ्या पगारावर लागेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. आज प्लेसमेंटच्या सीझनमध्ये असं पत्र घरी पाठवून बघा, म्हणजे त्याचं वजन कळेल.

याच सुमाराला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती. 'निबंधमाला' लिहिणारे हे शास्त्रीबुवा या पोरांपेक्षा सहाच वर्षांनी मोठे. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, 'मराठा' टिळकांकडे. आज ज्याला आपण स्टार्टअप म्हणतो, तसंच काहीसं. फक्त यात पैसे मिळणार नाहीत हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि मग धक्का बसला. १७ मार्च १८८२ ला चिपळूणकर गेले. वय ३१. शाळेला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यातच कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाबद्दल पत्रांत छापलेल्या मजकुरावरून बदनामीचा खटला चालू होता. ज्या कागदांवर विसंबून तो मजकूर छापला, ते बनावट निघाले. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे मार्चमध्ये मोठा मित्र गेला आणि जुलैमध्ये उरलेले दोघं मुंबईच्या डोंगरी तुरुंगात.

एका छोट्या खोलीत दोघांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी पुढे त्यावर 'डोंगरीच्या तुरुंगात आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं. हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. वाईट जेवण, अपुरी जागा आणि रात्री उशिरापर्यंत रंगलेले वाद. हे वाद इतक्या मोठ्या आवाजात चालायचे की पहारेकऱ्यांना येऊन दटावावं लागे.

बाहेर आल्यावर त्यांनी काय केलं? श्रद्धांजलीची सभा घेऊन विषय संपवला नाही. शास्त्रीबुवांची शाळा चालू ठेवली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आज एफसी रोडवर कॉफी पिताना ज्या कॉलेजचं नाव आपण सहज घेतो, त्याच्या पायाशी एका अकाली गेलेल्या मित्राचं अर्धवट राहिलेलं काम आहे.

मग बिनसलं

बिनसायला एक कारण नव्हतं. संस्थेच्या आजीव सभासदांनी किती पगार घ्यावा, बाहेरची कामं करून पैसे मिळवावेत की नाही, यावर खटके उडाले. त्याहून मोठा प्रश्न 'केसरी'त काय छापायचं याचा होता. विधवांचे हाल, बालविवाह, जुनाट रूढी यांवर आगरकरांना थेट बोलायचं होतं. टिळकांचा पवित्रा वेगळा होता. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. १८९० मध्ये टिळकही संस्थेतून बाहेर पडले. त्यानंतर 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्यात जे शब्द चालले, ते वाचताना हे दोघं एकेकाळी एका कोठडीत झोपत होते यावर विश्वास बसत नाही. तिकडे सनातन्यांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

१८९२ मध्ये फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे पस्तिशीच्या आतच गेले. त्यांच्या जागी आगरकर आले. दमा जुना होता, कॉलेजची जबाबदारी मोठी होती आणि लिखाण थांबत नव्हतं. १७ जून १८९५ ला तेही गेले. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच वेगळे काढून ठेवले होते. त्यासाठीही कुणापुढे हात पसरायचा नव्हता.

टिळकांनी काय लिहिलं?

टिळकांना गप्प राहता आलं असतं. चार औपचारिक ओळी छापूनही भागलं असतं. त्यांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. मृत्यू समोर दिसला की लहानसहान मतभेद मागे पडतात, जुन्या आठवणी वर येतात आणि लेखणी अडखळते, अशा अर्थाचं त्यात होतं. 'केसरी'ला सुरुवातीच्या वर्षांत जी प्रतिष्ठा मिळाली, तिचं श्रेय त्यांनी आगरकरांना दिलं. ज्याच्याशी सात-आठ वर्षं जाहीर भांडलो, त्याच्या लेखणीची थोरवी आपल्याच पत्रात सांगायची, हे सोपं नाही.

पण म्हणून टिळकांची मतं बदलली का? नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याच मंडपात सामाजिक परिषद घ्यायला टिळकांचा गट आडवा आला. आगरकर असते, तर 'सुधारक'मधून त्यांनी टिळकांना चांगलंच झोडपलं असतं. मित्र गेला म्हणून वाद खोटा ठरला नाही आणि वाद होता म्हणून दुःखही खोटं ठरलं नाही.

वीस वर्षांनी हीच वेळ पुन्हा आली. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले ४८ व्या वर्षी गेले. त्यांचंही टिळकांशी हाडवैर म्हणावं इतकं बिनसलेलं. टिळक सिंहगडावर होते. तिथून ते पुण्यात आले आणि स्मशानात बोलायला उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ही टाळ्यांची नव्हे, अश्रूंची वेळ आहे, असं त्यांनी बजावलं.

तुमच्या-माझ्यासाठी यात काय आहे? आपल्याही वयात मित्र जातात. बाइकच्या अपघातात, आजारात, कधी कळूही न देता. मग ग्रुपवर काळा डीपी, एक फोटो, 'तू नेहमी हसतमुख होतास'. तो नेहमी हसतमुख नसेलही. तो चिडका असेल, उसने घेतलेले पैसे विसरणारा असेल, शेवटच्या सेमिस्टरला तुमच्याशी बोलतही नसेल. तो जसा होता तसा आठवा. त्याच्यामुळे तुम्हाला काय मिळालं ते नाव घेऊन सांगा, आगरकरांचं श्रेय टिळकांनी सांगितलं तसं. तुमचं त्याच्याशी पटत नव्हतं, हे लपवायची गरज नाही. त्याने सुरू केलेली भिंतपत्रिका, ट्रेकिंग क्लब, वस्तीतला शनिवारचा वर्ग बंद पडत असेल, तर आधी त्याकडे बघा. फोटोला हार नंतर घालता येईल.

आणि ज्याच्याशी आज बोलणं बंद आहे, तो जिवंत आहे ना? मग मत बदलू नका, माफीही मागू नका हवं तर. पण डोंगरीत पहारेकरी यायचे तसा कुणीतरी दटावेपर्यंत एकदा समोरासमोर बसून भांडा. पुढे कधी त्याच्यावर लिहायची वेळ आलीच, तर तुमच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी असेल.