जोडणीची जबाबदारी कोणाची?

वातानुकूलन ही एके काळी चित्रपटगृहे, बडी हॉटेले आणि धनिकांचे बंगले यांपुरती मर्यादित असलेली चैन होती. आज तसे म्हणता येणार नाही. मराठवाड्यातील जाड मातीच्या भिंतींची आणि माळवदाची घरे मागे पडली व त्यांच्या जागी सिमेंटच्या स्लॅबची घरे उभी राहिली. माळवद उन्हाला अडवीत असे. स्लॅब दिवसभर ऊन साठवितो आणि रात्री ते खोलीत सोडीत राहतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की अशा घरात वृद्धांना, आजाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना झोप लागणे कठीण होते. म्हणूनच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्याच्या देवगाव रंगारीसारख्या गावात एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने हप्त्यांवर एसी घेतला, तर त्याला उधळपट्टी म्हणावयाचे कारण नाही. ती गरजेपोटी आणि पोटाला चिमटा घेऊन केलेली खरेदी असते.

अशी खरेदी फसली म्हणजे जे घडते ते बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचे असते. यंत्र बसविले जाते, पहिले काही दिवस खोली गार होते आणि घरमालक समाधानाने उरलेले पैसे चुकते करतो. मग भिंतीवरून पाणी ओघळू लागते किंवा गारवा कमी कमी होत जातो. दुकानदाराकडे जावे तर तो कंपनीकडे बोट दाखवितो. कंपनीचा माणूस येतो आणि 'यंत्र उत्तम आहे, बसविणाऱ्याने काम बिघडविले' असा शेरा मारून जातो. बसविणारा मिस्त्री किंवा त्याचा ठेकेदार म्हणतो की, गावात विजेचा दाबच पुरेसा नाही, त्याला तो तरी काय करणार! तिघांचेही म्हणणे अंशतः खरे असू शकते. परंतु पैसे मोजलेल्या चौथ्या माणसाच्या पदरी त्यातून काहीच पडत नाही. या वादात पुष्कळदा कोणी लबाड नसतोच. फक्त जबाबदार कोण, हे ठरलेले नसते, आणि खरे दुखणे तेच आहे.

अर्धे यंत्र दुकानात, अर्धे घरात

हे दुखणे समजावयाचे तर या यंत्राचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. रेडिओ किंवा शिवणयंत्र घरी आणून सुरू करावे, तसे एसीचे नाही. अमेरिकेत १९०२ साली विलिस कॅरिअर या अभियंत्याने आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली ती माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाई बिघडे, म्हणून त्या विशिष्ट इमारतीची हवा मोजून त्याने यंत्रणा तयार केली. जागा पाहून करावयाचे हे काम आहे, ही गोष्ट त्या प्रारंभापासूनच खरी आहे. आज प्रचारात असलेल्या स्प्लिट एसीचे दोन भाग कारखान्यातून वेगवेगळे बाहेर पडतात. ते तांब्याच्या नळीने जोडले जातात ते ग्राहकाच्या भिंतीवर. जोडणी होईपर्यंत ते यंत्र पूर्णच झालेले नसते. या अर्थाने शिडीवर चढलेला मिस्त्री हा त्या कारखान्याचा शेवटचा कामगार होय. परंतु कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते.

त्याच्या हातून व्हावयाच्या चुका थोड्या असतात, पण प्रत्येक चूक महाग पडते. नळीचे तोंड नीट पसरवून नट योग्य तेवढाच आवळावा लागतो. सैल राहिला तर वायू गळतो, अति आवळला तर तोंडाला चीर जाते. नळी जोडल्यावर आतील हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने काढून टाकावा लागतो. घाईच्या दिवसांत पंप न लावता यंत्रातलाच थोडा वायू सोडून हवा बाहेर ढकलली जाते. त्याने वायूही वाया जातो आणि मागे राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी करतो. पाणी वाहून नेणाऱ्या नळीला उतार नसला की भिंत भिजते. बाहेरचा भाग अरुंद सज्जात कोंबला की तो स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढतो. स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग नसले तर नुसत्या गारव्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न उभा राहतो.

यांतील एक गोष्ट प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. एसीतला वायू हा दिव्यातील तेलासारखा जळून संपत नाही. तो बंद नळीतून फिरत राहतो. द्रवरूप होतो, पुन्हा वायुरूप होतो, आणि प्रत्येक फेरीत खोलीतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. मग दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' असे सांगून तो भरण्याचे पैसे घेतले जातात, त्याचा अर्थ एवढाच की गळती कायम आहे आणि ती शोधण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. भांड्याला भोक असताना रोज पाणी ओतत राहण्यातलाच हा प्रकार. शिवाय नव्या घरगुती यंत्रांत सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापवर्धक मानला जातो, आणि काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. म्हणजे गळतीचा दंड घरमालकाच्या खिशावर थांबत नाही.

कायदा काय म्हणतो

पन्नास वर्षांपूर्वी अशा तक्रारीला दिवाणी न्यायालयाखेरीज वाट नव्हती, आणि एका यंत्रासाठी ती वाट कोणी धरीतही नसे. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे की, ग्राहकांच्या संघटित चळवळीची बीजे इथे लवकर रुजली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ साली. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याने वस्तूतील 'दोष' आणि सेवेतील 'त्रुटी' असा भेद केला आहे. यंत्र सदोष निघाले तर तो दोष. बसविण्याचे काम वाईट झाले तर ती त्रुटी. दाद दोहोंविरुद्ध मागता येते. घरबांधणीसारखी कामेही 'सेवा' ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. पैसे घेऊन एसी बसविणारा ठेकेदार त्याच न्यायाने सेवा देणारा ठरतो. घरच्या नोकराप्रमाणे तो 'वैयक्तिक सेवेच्या' करारात मोडत नाही. 'बसवून देणे मोफत आहे, तेव्हा तक्रार कसली?' असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. परंतु यंत्राच्या किमतीबरोबर जे काम दिले जाते तो धर्मादाय नव्हे. ग्राहकाने मोजलेल्या किमतीतच त्याचे मोल आलेले असते.

सर्वसामान्य माणसाला हा कायदा आवाक्यात वाटावा अशा तरतुदीही त्यात आहेत. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तो तक्रार करू शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत वा दिल्लीत असले तरी देवगावच्या रहिवाशाला छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे जावे लागत नाही. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. प्रतिपक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे सवलत देता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली दिला. एरवी ३ महिन्यांत आणि वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास ५ महिन्यांत निकाल व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि अनुभव यांत अंतर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयोगांवरील रिकाम्या जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतः होऊन घ्यावी लागली, यातच सर्व काही आले. परंतु पुष्कळ तक्रारी दुबळ्या ठरतात त्या आयोगाच्या विलंबापूर्वीच, आणि त्याची कारणे दोन आहेत.

मुदत आणि पावती

पहिले कारण मुदतीचे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आयोगाकडे गेले पाहिजे. २ वर्षे ही कागदावर ऐसपैस दिसतात. पण एसी चालतो तो मार्च ते जून. म्हणजे ही मुदत वस्तुतः दोन उन्हाळ्यांची. पहिल्या उन्हाळ्यात 'गॅस भरून देतो' म्हणून वेळ मारून नेली, दुसऱ्या उन्हाळ्यात 'भाग मागविला आहे' असे सांगितले, की तिसऱ्या उन्हाळ्यात जागा झालेला घरमालक मुदतीच्या बाहेर गेलेला असतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. सबळ कारण दाखविल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. पण भिडेपोटी थांबलो, हे कारण सबळ ठरेलच असे नाही.

दुसरे कारण पावतीचे. यंत्राचे बिल असते, जोडणीचे नसते. जादा नळी, स्टँड, वायर आणि मजुरी यांचे पैसे रोख दिले जातात आणि ते कोणाला, कशासाठी दिले याचा कागद उरत नाही. 'बिल नको, तेवढे कमी करा' ही मागणी अनेकदा ग्राहकाचीच असते. चार पैसे वाचविताना आपण पुरावाच विकून टाकीत आहोत, हे सुशिक्षितांच्याही ध्यानात येत नाही. वास्तविक वस्तूचे वा सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे बिल मागण्यात संकोच वाटावयाचे काही कारण नाही. जो हिशेबाची वही रोज तपासतो त्या कारकुनाने आणि जो मुलांना व्यवहारज्ञान शिकवितो त्या शिक्षकाने तरी ते हक्काने मागावे.

मिस्त्रीची बाजूही येथे विसरता येणार नाही. त्याला नगाप्रमाणे पैसे मिळतात. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत जेवढे एसी बसतील तेवढीच कमाई. व्यवस्थित व्हॅक्यूम करण्यात वेळ जातो. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक निसटते. कमरेला दोर नसताना तो दुसऱ्या मजल्याच्या बाहेर लोंबकळत काम करतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण ज्याने तो पूर्ण केला आणि जो चार दिवस कोणाच्या हाताखाली राहून शिकला, त्या दोघांना जोडणीचा दर सारखाच मिळणार असेल तर शिकण्याचे मोल काय? वादात सर्वांत आधी सापडतो तो हाच माणूस, कारण त्याचा मोबाइल क्रमांक घरमालकाकडे असतो. यंत्र विकून नफा घेतलेले मात्र दूर राहतात. हा न्याय नव्हे.

यास्तव उपाय मुळाशी झाला पाहिजे. ज्याने यंत्र विकले त्यानेच जोडणीचीही जबाबदारी लेखी घ्यावी. काम संपताच घरमालकाच्या हाती एक कागद पडावा. बसविणाऱ्याचे नाव, नळीची लांबी, व्हॅक्यूम केला किंवा नाही, वायूचा दाब, अर्थिंगची तपासणी आणि विजेचा दाब एवढ्या नोंदी त्यावर असाव्यात आणि खाली दोघांच्या सह्या. विजेचा दाब अपुरा असेल तर ते त्याच दिवशी लिहिले जाईल. वर्षानंतर सबब म्हणून पुढे येणार नाही. असा कागद प्रामाणिक मिस्त्रीलाही तारील, कारण त्याचे काम चोख होते याचा तोच पुरावा. ज्या दुकानदाराला असा कागद देणे जड जाते त्याच्याकडून यंत्र न घेणे, एवढे तरी ग्राहकाच्या हाती आहे.

आयोगांनाही एक सोय करता येण्याजोगी आहे. सदोष वस्तू प्रयोगशाळेत पाठविता येते. भिंतीत बसविलेले काम पाठविता येत नाही, ते जागेवर जाऊनच पाहावे लागते. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांतील जाणकार शिक्षकांची यादी करून त्यांच्याकडून अशी पाहणी माफक शुल्कात करविली, तर तिघांनी तीन दिशांना दाखविलेल्या बोटांचा निकाल एका अहवालाने लागू शकेल.

एका एसीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारे भेटतील. पण आज एसी आहे, तोच उद्या छतावरील सौर संच असेल, पाणी शुद्ध करणारे यंत्र असेल किंवा शेतातला पंप असेल. घरी येऊन जोडावयाच्या वस्तू वाढत जाणार आणि त्यांबरोबर हे वादही वाढणार. वस्तू विकणे आणि ती चालती करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही विक्रेत्यांची सोयीस्कर समजूत मोडून काढली नाही, तर प्रत्येक गावात असे घरमालक दर उन्हाळ्यात गॅसचे पैसे भरीत राहतील. तक्रार आयोगात पोहोचेल तेव्हा पोहोचेल; पैसे चुकते करण्यापूर्वी सही केलेला कागद मागणे मात्र आजही शक्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.