राउटरची साक्ष

चाकाच्या तुंब्याला आरे जोडलेले असतात, तशा मुख्य कार्यालयाला शाखा गुप्त बोगद्यांनी जोडता येतात. सिस्कोच्या राउटरला ‘शो डीएमव्हीपीएन’ ही आज्ञा दिली असता प्रत्येक जोडणीची एक ओळ उमटते. तीतील ‘डी’ म्हणजे पलीकडचा पत्ता आपोआप कळलेला, ‘एस’ म्हणजे हाताने लिहिलेला.

शाखा तुटल्यास तिच्या राउटरवरील अवस्थेचा रकाना पाहावा. ‘आयकेई’ असल्यास किल्ल्यांची बोलणी अडली आहेत. ‘आयपीसेक’ असल्यास ती होऊनही गुप्तलेखनाचा करार उरला आहे. ‘एनएचआरपी’ असल्यास केंद्राकडे नोंदणी झालेली नाही. ‘अप’ म्हणजे नोंदणी झाली, एवढेच. मार्गांची माहिती पोहोचते असे त्यावरून सिद्ध होत नाही. हा भेद न जाणता किल्ल्याच बदलत बसल्यास शाखेचे काम व्यर्थ खोळंबते.