पिकअपचं वजन: आधी दारावरचा स्टिकर वाचा



अमेरिकेत आलेला मराठी माणूस पहिली गाडी कॅमरी किंवा अकॉर्ड घेतो हे ठरलेलं. मग मिनीव्हॅन. पण टेक्सस-कोलोरॅडोकडे दहा-बारा वर्षं काढली की कॅम्पिंगच्या ट्रेलरची हुक्की येते आणि दारात पिकअप उभा राहतो. इथपर्यंत ठीक. पुढे त्याला नटवायचं वेड लागतं. लोखंडी बंपर, त्यावर विंच, बेडवर फायबरग्लासचं टोपण, आत ड्रॉवर, मोठाले टायर... आणि मग एक दिवस प्रश्न येतो, "अरे, मायलेज पार गेलं, वजन कसं कमी करू?"

मायलेजसाठी वजन उतरवणार असाल तर फार आशा ठेवू नका. साधारण १०० पौंडांमागे एक टक्का फरक पडतो, मोठ्या गाडीत त्याहूनही कमी. हायवेवर वजनापेक्षा वारा जास्त गॅस खातो. काही जण वजन वाचवायला मागचं टेलगेटच काढून ठेवतात. ते तर उलटंच. टेलगेट बंद असताना बेडमध्ये हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. टेलगेट काढलं की हे गणित बिघडतं.

वजन कमी करायचं खरं कारण दुसरंच आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेचा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. हाच तुमचा पेलोड. गॅसची टाकी भरलेली आहे असं धरूनच हा आकडा काढतात, त्यामुळे ती वेगळी मोजू नका. पहिल्या विक्रीच्या आधी डीलरने १०० पौंडांच्या वर काही बसवलं तर हा आकडा दुरुस्त करून द्यावा लागतो. पण गाडी घरी आल्यावर आपण जे चढवतो त्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. तो आपणच ठेवायचा.

आमच्या एका मित्राच्या हाफ-टन ट्रकचा हिशेब देतो, आकडे गोळाबेरीज करून. स्टिकरवर १,४८० पौंड. जुना बंपर वजा जाता नवा बंपर आणि विंच २५०, टोपण २००, ड्रॉवर २२०, स्पेअर धरून पाच जाड टायरांचे जास्तीचे ८०, कॅम्पिंगची दुसरी बॅटरी ७०. झाले ८२०. उरले ६६०. नवरा-बायको आणि दोन वाढती मुलं म्हणजे ५६०. हाती राहिले १००. आणि मागे ५,००० पौंडांचा ट्रेलर! ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो, तो पेलोडमध्येच मोजायचा. म्हणजे ६००. ट्रक पाचशे पौंडांनी जास्त भरलेला, आणि या गाडीने आयसेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार उतरायचा बेत! तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे रॅम्प उगाच बांधलेले नाहीत.

"मागे एअरबॅग घालतो ना," असं तो म्हणत होता. एअरबॅगने ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, दिसायला छान दिसतो. पण ब्रेक, ॲक्सल, टायर तेच राहतात. स्टिकरवरचा आकडा एक पौंडानेही वाढत नाही. मोकळा पेलोड वाढवायचा असेल तर चढवलेलं उतरवणं एवढाच मार्ग. फोर्डनेसुद्धा २०१५ च्या एफ-१५० मध्ये पोलादी बॉडी सोडून ॲल्युमिनियमची घेतली, आणि ७०० पौंडांपर्यंत वजन उतरवलं. चासी मात्र पोलादीच ठेवली.

मग मित्राने काय केलं? पोलादी बंपरच्या जागी ॲल्युमिनियमचा घेतला, ९० वाचले. (ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं असलं तरी पत्रा जाड घ्यावा लागतो, म्हणून बचत निम्म्याच्या आसपासच होते.) विंचची तार काढून सिंथेटिक दोर लावला, आणखी २०. ड्रॉवर काढून प्लास्टिकचे खोके ठेवले, १९०. दुसरी बॅटरी लिथियमची घेतली, ४०. ती बॉनेटखाली नाही, आत ठेवली. तिला इंजिनची उष्णता सोसत नाही आणि गोठणबिंदूखाली ती चार्जही करायची नसते.

सगळ्यात फायद्याचं काम टायरचं, असं माझं मत. कंपनीच्या मापाचे परत बसवल्यावर वाचले फक्त ८० पौंड, पण त्यातले चार टायर फिरणारे. फिरणारं वजन पळवायलाही जड आणि थांबवायलाही जड. शिवाय मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत होता, तेही सुटलं.

बेरीज ४२०. अजूनही ८० जास्तच! शेवटी ट्रेलर असेल तेव्हा टोपण गॅरेजमध्ये, असं ठरलं. १२० पौंड मोकळे झाले. त्यातून भार वाटणाऱ्या हिचचे स्वतःचेच ९०. उरले ३०, म्हणजे एक आइसबॉक्स. वहिनींचा कुकर आणि पोह्यांचा डबा ट्रेलरमध्ये गेला. अर्थात तिथेही मागे-पुढे बघून ठेवावं लागतं, नाहीतर हिचवरचा भार बदलतो.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका. स्पेअर आणि जॅक, बंपरच्या आतला आडवा बीम, अँटी-रोल बार, सीटबेल्ट, एक्झॉस्टवरचे उष्णता अडवणारे पत्रे. हे पत्रे काढून वाळलेल्या गवतात गाडी उभी केली तर आग लागायला वेळ लागत नाही. चासीला भोकं पाडून वजन कमी करायच्या फंदातही पडू नका. आणि ॲल्युमिनियमच्या बेडला काही जोडताना साधे लोखंडी बोल्ट वापरू नका. दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खात जातं. कोटिंग केलेले बोल्ट आणि मध्ये रबरी वॉशर घ्या.

ता. क. कागदावरचा हिशेब काट्यावर तपासून घ्या. मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल असतो, पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. घरची सगळी माणसं गाडीत, टाकी भरलेली, ट्रेलर जोडलेला, अशा अवस्थेत जा. पुढचं ॲक्सल, मागचं ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. मागच्या ॲक्सलचा आकडा आधी पाहा. हिच त्याच्याही मागे असल्याने तो भार तरफेसारखा पुढचं टोक उचलतो आणि मागे स्वतःच्या वजनाहून जास्त दाबतो. ॲक्सलची मर्यादा त्याच दाराच्या खांबावर, दुसऱ्या स्टिकरवर लिहिलेली असते.