रेशीममार्ग : व्यापाऱ्यांची वाट आणि धम्माचा प्रवास

बोधिप्राप्तीनंतर तथागतांना अन्नदान करणारे तपस्सु व भल्लिक हे प्रवासी व्यापारी होते. तेच पहिले उपासक, असे विनयपिटक सांगते. व्यापारी आणि धम्म यांचे हे नाते पुढे मध्य आशियात किती फलद्रूप झाले, हे रेशीममार्गाच्या इतिहासावरून दिसून येते.

हे नाव प्राचीन नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ रिख्तहोफेन यांनी ते १८७७ मध्ये रूढ केले. शिवाय हा एकच रस्ता नसून अनेक वाटांचे जाळे होते. इ. स. पू. १३८ मध्ये हान सम्राट वू याने चांग च्यान या दूतास पश्चिमेकडे पाठविले व त्यानंतर येथील दळणवळण वाढीस लागले. तक्लामकान वाळवंटाच्या उत्तरेस कुचा आणि दक्षिणेस खोतान ही नगरे उदयास आली. दोन्हीकडच्या वाटा तुनहुआंगजवळ एकत्र येत.

तांड्यामुळे भिक्खूंना सोबत मिळे, तर व्यापाऱ्यांच्या दानातून विहार व लेणी उभी राहत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आपण कार्ले येथील शिलालेखात वाचतो. तशाच दात्यांची चित्रे तुनहुआंगच्या भिंतींवर आहेत. कुचाचे कुमारजीव इ. स. ४०१ मध्ये चांग-आनला पोहोचले आणि त्यांनी अनेक सूत्रांचे चिनी भाषांतर केले. ह्युएन त्संग ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशी परतले; त्यांच्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचेही वर्णन आहे. तुनहुआंगच्या एका बंद लेण्यातून १९०० मध्ये हजारो हस्तलिखिते उजेडात आली. इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र त्यांतलेच होय.

आज या मार्गाचे पुनरुज्जीवन होत आहे. १९९० मध्ये चीन व कझाकस्तान यांचे लोहमार्ग जोडले गेले. २०१३ मध्ये चीनने रेशीममार्गाच्या नावाने मोठी आर्थिक योजना जाहीर केली. मालगाड्या आता चीनमधून थेट युरोपात जातात. २०१४ मध्ये युनेस्कोने या मार्गावरील ३३ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

परंतु काबूलच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या मेस आयनक येथे वेगळेच चित्र दिसते. तेथील स्तूप व विहार तांब्याच्या प्रचंड साठ्यावर उभे आहेत. तो साठा खणण्याचा करार २००८ मध्ये एका चिनी कंपनीशी झाला. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामाचा प्रारंभ २०२४ मध्ये झाला. करार २०१३ च्या योजनेपूर्वीचा असला तरी प्रश्न एकच आहे. २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती द्वेषाने फोडल्या गेल्या. येथे मात्र कोणाचा द्वेष नसतानाही वारसा नष्ट होऊ शकतो.

व्यापार वाढावा, यास आमचा विरोध नाही; धम्म व्यापाऱ्यांच्याच सोबतीने दूरवर गेला. तथापि प्राचीन श्रेष्ठी आपल्या नफ्यातील वाटा विहारास देत असे. आजच्या व्यापाराने निदान तो विहार तरी राखावा, एवढीच अपेक्षा आम्ही करतो.