सात-बारा म्हणजे मालकी नव्हे

अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर घरवाडी घेणारे आमचे व्यापारी बंधु सात-बारा हाती पडला की मालकी आली असे समजून जन्माची पुंजी मोजून देतात. ही मोठी भ्रांति होय! सात-बारा हे महसुलाचे दप्तर. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी पालटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. तरी उताऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना अवश्य वाचावा. चरीच्या कुळांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध सहा वर्षे संप चालविला तो ह्याच तालुक्यात; कुळाची नोंद ह्याच रकान्यात असते, आणि कूळ वारले तरी त्याचा हक्क वारसांकडे जातो.